ट्रॅक डेला जायचंय? रीमॅप राहू द्या, आधी ब्रेक ऑइल बदला!

‘हॉट हॅच’ घेतली की अनेकांचा पहिला फोन रीमॅप करणाऱ्याला जातो. ट्रॅकसाठी गाडी तयार करताना मात्र कामांचा क्रम नेमका उलटा असतो. काय बदलायचे, काय तसेच ठेवायचे आणि कायदा काय सांगतो, हे समजून घेऊया.

हॉट हॅच म्हणजे काय?

रोजच्या वापराची छोटी हॅचबॅक, पण इंजिन आणि हाताळणी जोरदार. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय हे आपल्याकडचे ओळखीचे उदाहरण. भारतातील पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी शौकीन ही गाडी सेकंडहँड बाजारात आजही शोधतात. तिच्या १.२ लिटर टर्बो इंजिनाची ताकद १०५ पीएस आणि वजन साधारण ११०० किलो. रांजणगावची फियाट अबार्थ पुंतो (१४५ पीएस) आणि टाटा अल्ट्रोझ रेसर (१२० पीएस) याही त्याच पंगतीतल्या.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत का?

नाही. शुल्क भरून स्वतःची गाडी बंदिस्त सर्किटवर चालवण्याचा हा दिवस असतो. येथे कुणी पहिला-दुसरा येत नाही. चालकांचे गट पाडून छोट्या-छोट्या सत्रांत गाड्या सोडल्या जातात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट (३.७ किमी), कोइम्बतूरची कारी मोटर स्पीडवे (सुमारे २.१ किमी) आणि २०११ ते २०१३ दरम्यान फॉर्म्युला वन शर्यती झालेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट (सुमारे ५.१ किमी) ही देशातील प्रमुख ठिकाणे.

पुण्याहून चेन्नई किंवा कोइम्बतूर साधारण १२०० किमी. म्हणजे दिवसभर ट्रॅकवर पिळलेल्या गाडीनेच बहुतेकांना घरी परतायचे असते. कोणतेही मॉडिफिकेशन ठरवताना हा परतीचा प्रवास विसरून चालत नाही.

आधी ब्रेकच का?

साधे गणित करू. ११०० किलोची गाडी ताशी १६० वरून ६० किमीवर आणायची, तर सुमारे ९.३ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर टाकावी लागते. एवढ्या उष्णतेत जवळपास तीन लिटर साधे पाणी उकळीला येईल. हे काम चार सेकंदांत झाले, तर ब्रेकची ‘ताकद’ भरते ३०० पीएसच्या वर! म्हणजे थोडा वाटा हवेच्या विरोधाचा धरला, तरी १०५ पीएसच्या इंजिनापेक्षा ब्रेक जवळपास तिप्पट राबतात. शहरात सिग्नल ते सिग्नल चालवताना डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर पुढचे वळण काही सेकंदांतच येते.

ब्रेक ऑइल उकळते म्हणजे काय होते?

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ४’ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा निकष आहे. त्यात पाण्याचा अंश सुमारे ३.७ टक्के झाला की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. त्यापुढे ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल थेट खाली जाते आणि ब्रेक लागतच नाही. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यातून दोन-तीन वर्षे फिरलेल्या गाडीला हा धोका जास्त.

म्हणून पहिले काम: जुने ऑइल पूर्ण काढून नवे ‘डॉट ४’ किंवा ‘डॉट ५.१’ भरणे (५.१ ची नवी मर्यादा २६० अंश). नाव सारखे वाटले तरी ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे. ते यात मिसळू नका.

दुसरे काम ब्रेक पॅडचे. जास्त तापमान सोसणारे पॅड घ्या, पण अस्सल रेसिंग पॅड टाळा. ते थंड असताना नीट पकडत नाहीत आणि परतीच्या वाटेवर टोलनाक्याच्या रांगेत तेच महागात पडेल.

टायरमध्ये हवा किती?

ब्रेक कितीही चांगले असोत, गाडी शेवटी टायरच थांबवतो. आधी टायरचे वय आणि कडांची झीज पाहा. गाडी उभी असताना ३० अंश तापमानाला ३० पीएसआय हवा भरली आणि ट्रॅकवर टायरमधील हवा ८० अंशांवर गेली, तर दाब ३७ पीएसआयच्या आसपास पोहोचतो. टायर फुगून पकड कमी होते. म्हणून प्रत्येक सत्रानंतर गरम टायरचा दाब मोजून तो थोडा-थोडा कमी करत जायचे. मात्र घरी निघण्यापूर्वी टायर थंड झाल्यावर दाब पुन्हा मॅन्युअलप्रमाणे करायला विसरू नका.

सस्पेन्शन खाली करावे का?

पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक वेगात वळताना सरळ पुढे घसरू पाहते. पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकवणे, याने वळणात टायर रस्त्यावर अधिक सपाट बसतो. मात्र अतिरेक केल्यास रोजच्या वापरात टायरची आतली कड लवकर झिजते. कडक स्प्रिंग लावून गाडी दोन इंच खाली बसवली, तर गावातला पहिला स्पीडब्रेकरच खालून घासेल. सुरुवातीला झिजलेले बुश आणि शॉक अब्सॉर्बर बदलून नीट अलाइनमेंट केली, तरी फरक जाणवतो.

मग रीमॅप कधी?

सर्वांत शेवटी. रीमॅपमध्ये टर्बोचा दाब वाढवून ताकद काढली जाते. दाब वाढला की उष्णताही वाढते. हवा फार तापली की इंजिनाचा संगणकच स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. त्यामुळे पहिल्या लॅपला जाणवणारा पिकअप चौथ्या लॅपपर्यंत टिकेलच असे नाही. शिवाय सरळ पट्ट्यावर वेग वाढला की पुढच्या वळणाला ब्रेकवरचा भार आणखी वाढतो.

कायदा आणि विमा काय म्हणतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदी आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत तफावत येईल, असे बदल मनाने करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच प्रतीचे ऑइल, पॅड, टायर बदलणे ही देखभाल झाली. इंजिन किंवा सायलेन्सरमध्ये फेरफार ही वेगळी गोष्ट.

नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली, तर खर्च आपल्याच खिशातून होईल, असे धरूनच जा.

पहिल्या ट्रॅक डेची यादी

• स्टेपनी, जॅक, पायातली मॅट, पाण्याच्या बाटल्या गाडीबाहेर काढा.
• चाकांचे नट मॅन्युअलमधील आकड्यानुसार टॉर्क रेंचने आवळा.
• इंजिन ऑइलची पातळी प्रत्येक सत्रानंतर तपासा.
• शेवटचा लॅप हळू मारा, ब्रेक थंड होऊ द्या.
• गाडी उभी करताना लगेच हँडब्रेक ओढू नका, चाकांना ओट लावा.
• पेडल नेहमीपेक्षा खोल जाते आहे, असे वाटले की त्याच क्षणी वेग कमी करून पिटमध्ये या. ‘अजून एकच लॅप’ मारू नका.
• हेल्मेट घाला आणि पहिल्या सत्रात शक्य असल्यास प्रशिक्षकाला शेजारी बसवा.