बांधलेले हात आणि रात्रपाळीची सिस्टर

संयोजकांनी पत्रिकेत विषयाचे नाव मोठे भारदस्त छापले होते : 'मनोरुग्णांची शुश्रूषा : कायदा, नीती आणि रूढी'. ते वाचून एका स्नेह्याने विचारले, हमालांची आणि दालमिलच्या कामगारांची युनियन चालविणाऱ्याचा या विषयाशी संबंध काय? संबंध आहे. आम्हांला शाळा लाभली ती सातवीपर्यंत. कायदा जो काही शिकलो तो मागणीपत्रे लिहिता लिहिता. परंतु इस्पितळ हेही कामाचे ठिकाण आहे, तिथेही तीन पाळ्या चालतात, आणि तिथली रात्रपाळीची बाई संकटात सापडली म्हणजे ती युनियनचेच दार ठोठावते.

तशी एक सिस्टर आमच्याकडे आली. इस्पितळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. वॉर्डात चाळीस रुग्ण, आणि रात्री त्यांच्यावर एक सिस्टर व एक वॉर्डबॉय. मध्यरात्री एक तरुण रुग्ण भिंतीवर डोके आपटू लागला. डॉक्टरांना फोन केला. 'बांधून ठेवा, सकाळी पाहू' असे उत्तर आले. दोघांनी मिळून चादरीने त्याचे हात पलंगाला बांधले. सकाळी नातेवाइकांनी मनगटावरचे वळ पाहिले, आरडाओरडा झाला, आणि नोटीस निघाली ती सिस्टरच्या नावाने. तोंडी हुकूम देणाऱ्याचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. गिरणीत बोट तुटले म्हणजे चूक बोटाचीच ठरते, त्यातलाच हा प्रकार!

तेव्हा आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले. इंग्रजांचा १९१२ चा कायदा मुख्यतः वेड्याला कोंडण्यासंबंधीचा होता. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला. तो अमलात यावयास १९९३ उजाडले. आज लागू आहे तो मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. या कायद्याने दृष्टीच बदलली. रुग्ण ही पहाऱ्यात ठेवण्याची वस्तू नव्हे, त्याला हक्क आहेत, असे तो बजावतो. त्याचे केस सक्तीने भादरता येत नाहीत, स्वतःचे कपडे घालण्यास त्याला मनाई करता येत नाही. एक वाक्य वाचून तर आम्ही खुर्चीत सरळ बसलो : रुग्णाकडून सक्तीने काम करून घ्यावयाचे नाही, आणि त्याने काम केल्यास योग्य मोबदला द्यावयाचा. युनियनच्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवे?

आता मुख्य कलम, ९७ वे. त्यात असे आहे की रुग्णाला एकांतकोठडीत ठेवता येणार नाही. त्याला बांधता येईल, पण केव्हा? त्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला त्याच क्षणी धोका असेल, तो टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल, आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने तशी परवानगी दिली असेल तेव्हाच. बांधायचे तेही अगदी गरजेपुरते. कसे बांधले, का बांधले, किती वेळ बांधले, याची नोंद केसपेपरावर ताबडतोब झाली पाहिजे. आणि ती होते की नाही हे पाहण्याची जबाबदारी प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर किंवा प्रभारी मानसिक आरोग्य व्यावसायिकावर आहे. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाने नेमलेल्या, अथवा त्याने कोणी नेमला नसल्यास कायद्याने ठरविलेल्या माणसाला, चोवीस तासांत कळविले पाहिजे. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बांधणे केव्हाही वर्ज्य.

आणि याच कलमात ते वाक्य आहे, ज्याच्यासाठी आम्ही आज इथे उभे आहोत. केवळ कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणावरून रुग्णाला बांधता येणार नाही. मंडळी, हे वाक्य दुधारी आहे. 'आम्ही दोघेच होतो हो' ही सिस्टरची सबब त्याने एका बाजूने कापली जाते. दुसऱ्या बाजूने, चाळीस रुग्णांवर दोन माणसे ठेवणाऱ्या व्यवस्थापनाचीही सबब कापली जाते. गंमत अशी, की पहिली बाजू नोटिशीत उतरते आणि दुसरी पुस्तकातच राहते. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. पगाराच्या मानाने तो दंड कोणाला जड जाईल, हे सांगावयास नको.

म्हणून आम्ही परिचारिकांना सांगतो : फोनवर हुकूम मिळाला तर किती वाजता मिळाला, कोणी दिला, आणि त्या वेळी वॉर्डात किती माणसे होती, हे त्याच रात्री लिहा. ही चुगली नव्हे. उद्या त्या रुग्णाला 'तुला का बांधले' याचे खरे उत्तर देता यावे, यासाठीही ते लिहावयाचे. बांधण्याआधी त्याच्याशी बोलून पाहिले का, पाणी दिले का, शेजारचा पलंग हलविला का, हेही त्यात यावे. अनुभवी सिस्टर अर्धे काम बोलण्यानेच करते असे आम्ही पाहिले आहे, पण बोलण्याला वेळ लागतो आणि वेळेला माणूस लागतो.

आमच्या भागाची अडचण आणखी वेगळी. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. नांदेडचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक झोपलेले असताना किल्लारीला भूकंप झाला, त्या वेळी लातुरात असे महाविद्यालयच नव्हते. सुमारे दहा हजार माणसे गेली. मागे राहिलेल्यांची घरे पुन्हा बांधून झाली. पण छपराखाली झोपावयास भिणारी माणसे आम्ही त्यानंतर कित्येक वर्षे पाहिली. त्यांना वेडे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, आणि दवाखान्यात नेण्याचे कोणाला सुचलेही नाही.

दवाखाना दूर आणि देवस्थान जवळ, अशी स्थिती असली म्हणजे माणूस आधी कुठे जाणार? लातूरकडचे पुष्कळ लोक गाणगापूरला जातात, कोणी दर्ग्यावर जातात. आम्ही त्यांची थट्टा करीत नाही; आमच्या मातोश्रीही गेल्या होत्या. सिस्टरनेही करू नये. 'तिकडे जाऊन आलात का, तिथे काय केले, गोळ्या बंद केल्या का' हे साध्या आवाजात विचारले तर नातेवाईक खरे सांगतात. हसले तर लपवितात. देवीच्या दारी अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी नसते, आणि 'बाहेरचे आहे' म्हणून आणलेला मुलगा खरोखर आजारी असू शकतो. देगलूरकडचा रुग्ण तेलुगूत बडबडतो, उदगीरकडचा कानडीत, किनवटच्या तांड्यावरचा गोरमाटीत. भाषा न कळल्यामुळे 'असंबद्ध बोलतो' असा शेरा पडला तर तो रोगाचा नव्हे, आपलाच दोष.

मात्र श्रद्धेचा मान राखणे आणि साखळी खपवून घेणे या दोन गोष्टी निराळ्या. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण पळता न आल्याने जळून मेले. आता ९५ वे कलम मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवण्यास मनाई करते; त्याला अपवाद नाही. भूत काढण्याच्या नावाखाली दोरीने बांधून मारणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गुन्हा आहे. तेव्हा घरचे लोक रुग्णाला दोरखंडाने बांधून टेम्पोतून आणतात, त्या वेळी दारातच दोर सोडविणे हे सिस्टरचे पहिले काम. त्यांना रागावणे हे नव्हे. त्या बापाने ती गाठ रडत मारलेली असते.

विषप्राशन करून वाचलेल्या शेतकऱ्याविषयी एक शब्द. अजूनही काही ठिकाणी त्याला 'आता पोलीस-केस होणार' असे भिवविले जाते. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली मानले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर जुन्या ३०९ कलमासारखे कलमच उरलेले नाही. त्याला धाक नको, सोबत हवी. आणि त्याचे नाव आडतीवर जाता कामा नये. बातमी फुटली की सावकार आधी दारात येतो, मुलीचे स्थळ मागाहून मोडते. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हे कायद्याचे बंधन आहेच, पण छोट्या गावात ते पाळणे फार कठीण, कारण विचारणारी बहुधा सिस्टरची शेजारीणच असते.

आमच्या त्या सिस्टरचे पुढे काय झाले, ते सांगतो. आम्ही कलम ९७ ची प्रत जोडून उत्तर दिले आणि दोन मागण्या केल्या : रुग्णाला बांधल्याच्या नोंदीची स्वतंत्र वही, आणि रात्रपाळीला तिसरा माणूस. नोटीस मागे घेण्यात आली. वही पंधरा दिवसांत आली. तिसरा माणूस अजून आलेला नाही.