बारीक माणसाची साखर

इस्लापूर गावच्या बाजारात एखाद्या सडपातळ माणसाला ‘शुगर’ म्हणजे मधुमेह निघाला की लोक चकित होतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे गाजलेले शोधनिबंध याच कोड्याभोवती आहेत. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३; अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! संशोधकाने स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडावं, हे मला फार आवडतं. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळंतपणांचा अभ्यास सुरू होताच. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने जास्त. पुढे मोठेपणी यकृतात चरबी साठली की इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो आणि रक्तातली साखर वाढते. बारीक माणसाच्या सोनोग्राफीतही ‘फॅटी लिव्हर’ दिसू शकतं.