चमचा पालथा करून बघा

मराठीत ‘कंपू’ म्हणजे टोळकं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मात्र कंपू ही वस्ती आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, त्याची ही खूण. जवळच जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये उभारलेला जयविलास महाल आहे. तिथल्या भोजनगृहात टेबलावर रूळ टाकलेले आहेत. त्यांवरून चांदीची चिमुकली आगगाडी पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार फिरवायची. सुरई उचलली की गाडी थांबायची. या साहेबी मेजवान्यांचा वारा आसपासच्या मराठी घरांनाही लागला. म्हणून आजही एखाद्या जुन्या घरात वाटण्या होताना मखमली कप्प्यांची पेटी निघते, आणि पहिला प्रश्न येतो: हे काटे-चमचे चांदीचे की मुलाम्याचे?

घरातली मोठी माणसं आधी रंग बघतात. ‘काळे पडलेत, म्हणजे चांदीच.’ हा आधार कच्चा आहे. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, पण मुलामाही चांदीचाच असतो, तोही तसाच काळवंडतो. लोहचुंबकाचंही तेच: मुलाम्याखाली बहुधा जर्मन सिल्व्हर असतं, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदीचा कण नसतो, तरी ते चुंबकाला चिकटत नाही.

खरी ओळख पाठीवर असते. चमचा पालथा करा, दांड्यावर उजेड तिरका पडू द्या आणि भिंग धरा. इंग्लंडच्या चांदीवर एक पंजा उचलून चालणारा सिंह असतो. तो ९२५ कसाची ग्वाही देतो. शेजारी गावाची खूण: लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर, १९७४ पर्यंत शेफिल्डचा मुकुट. १७८४ ते १८९० या काळातल्या मालावर कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं मस्तकही सापडतं. ‘ई.पी.एन.एस.’ ही इंग्रजी अक्षरं दिसली तर तो विजेने चढवलेला मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. घोटाळा इथेच होतो. ही अक्षरं वळणदार लिपीत, वेगवेगळ्या ढालींत ठोकलेली असतात, आणि घाईत ती सरकारी छापासारखी दिसतात. म्हणून प्रत्येक अक्षर वाचा.

सिंह नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. कोलकात्याच्या हॅमिल्टन किंवा मद्रासच्या पी. ऑर या पेढ्यांची चांदी भारतातच विकली जायची. इंग्लंडसारखी सरकारी तपासणी इथे नव्हती, त्यामुळे अशा मालावर पेढीचं नाव आणि तिच्या स्वतःच्या खुणा एवढंच असतं.

मग झीज बघा. चमचा टेबलावर ठेवला की त्याच्या पोटाचा जो ठिपका खाली टेकतो, तो आणि काट्यांच्या दातांची टोकं आधी झिजतात. तिथे पिवळट किंवा तांबूस झाक आली असेल तर निकाल लागला. भरीव चांदी कितीही झिजली तरी आत चांदीच लागते.

तरी शंका उरली तर दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. समजा, कोरडा चमचा ६२ ग्रॅम भरला. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि चमचा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला मात्र लागू देऊ नका. आकडा साधारण ६ ग्रॅमने वाढला तर घनता १०.३ च्या घरात, म्हणजे चांदी. ७.१ ने वाढला तर ८.७, म्हणजे जर्मन सिल्व्हर. सुऱ्यांना ही परीक्षा लावू नका. त्यांचं पातं पोलादी असतं आणि पोकळ मुठीत राळ भरलेली असते.

सराफ्यातलं कस मोजणारं यंत्र वरचा थर वाचतं, जाड मुलामा त्यालाही चकवू शकतो. कानस लावली की खरा धातू दिसतो, पण वस्तू कायमची विद्रूप होते. आणि मोडीत घातलं की हाती फक्त धातूचा भाव येतो. कारागिरीला, वयाला तिथे किंमत नाही. मुलाम्याच्या चमच्याला तर तोही भाव नाही, पण चांगल्या पेढीचा शंभर वर्षांचा संच जपून ठेवण्याजोगा असतो, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून पेटी सराफ्यात नेण्याआधी दोनच गोष्टी करा. पाठीवरचे छाप राखेने किंवा पावडरने घासू नका. ते पुसले की पुन्हा उमटत नाहीत. आणि प्रत्येक नमुन्याचा एक चमचा पालथा ठेवून त्याचा जवळून फोटो काढून ठेवा.