घोडा, बेडूक आणि एक प्रश्न
आपल्या घाटीत सर्पदंशाचा पेशंट आला की त्याला टोचलं जाणारं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून आलेलं असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष थोडं थोडं टोचून घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार करतात. पेशंट वाचतो; सुया घोडा सोसतो. त्याला अजून सोपा पर्याय नाही. पण प्रॅक्टिकलमधल्या बेडकाला होता! पुस्तक, मॉडेल, फिल्मवर भागत असेल तर प्राण्यांवरचे प्रयोग टाळा, असं १९६० चा कायदाच सांगतो. यूजीसीनेही २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन बंद करायला सांगितलं. तेव्हा लॅबमध्ये प्राणी दिसला, तर बिनधास्त विचारा, ‘सर, याच्याशिवाय भागणार नाही का?’ प्रश्न विचारणं म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे. विज्ञान सुरूच तिथून होतं!