आवळलेला पीळ

यलोस्टोनच्या गंधकी झऱ्यांत सल्फोलोबस नावाचे सूक्ष्मजीव राहतात. ७५-८० अंश सेल्सिअसची ऊब आणि कातडी जाळणारं आम्ल, हे त्यांचं सुखाचं घर. टॉमस ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी १९७२मध्ये त्यांची ओळख करून दिली. पुढे १९८४मध्ये अकिहिको किकुची आणि कियोशी असाई यांना याच कुळात एक विचित्र विकर सापडलं.

डीएनए हा दोन पदरांचा वळलेला दोर. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायमध्ये गायरेज नावाचं विकर त्याचा पीळ थोडा सैल ठेवतं, कारण पदर उघडल्याशिवाय नक्कल निघत नाही. (सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी याच गायरेजची वाट अडवते.) सल्फोलोबसमधलं विकर नेमकं उलटं वागतं, पीळ आवळतं. म्हणून ते रिव्हर्स गायरेज.

एकाच प्रथिनात दोन यंत्रं जोडलेली आहेत. पहिलं एटीपीची ऊर्जा खर्चून कामाला गती देतं. दुसरं एक पदर कापतं, दुसरा त्या फटीतून पार करतं आणि काप सांधतं. मधल्या काळात तुटलेलं टोक ते स्वतःच्या टायरोसिनशी बांधून ठेवतं. इतक्या उष्णतेत ते मोकळं सोडणं परवडणारं नाही. एका फेरीत एक वेढा वाढतो.

यावरून सुचलेलं स्पष्टीकरण सोपं होतं : उष्णतेने पदर सुटू नयेत म्हणून जास्तीचा पीळ. मला ते पहिल्यापासून जरा जास्तच सुबक वाटतं. वर्तुळाकार डीएनएचे पदर एकमेकांत अडकलेले असतात, ते शंभर अंशांपलीकडेही विलग होत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे जवळपास शब्दशः खरी. शिवाय ऐंशी अंशांत सुखाने वाढणाऱ्या थर्मोटोगा मॅरिटिमाकडे दोन्ही विकरं आहेत, आणि १९९७मध्ये तपासलं तेव्हा तिच्या एका भाईबंदाच्या प्लाझ्मिडचा (छोट्या डीएनए-वर्तुळाचा) पीळ सैलच निघाला!

तरीही हे विकर बिनकामाचं नाही. २००२मध्ये पॅट्रिक फोर्तेर यांनी जनुकसंच पडताळले, तेव्हा अतिउष्णताप्रिय जीवांची खास खूण म्हणता येईल असं हे एकच प्रथिन हाती लागलं. मग ते काढून टाकलं तर? जपानच्या कोदाकारा बेटावरच्या थर्मोकॉकस नावाच्या सूक्ष्मजीवावर २००४मध्ये हा प्रयोग झाला. जीव जगला, पण वाढ मंदावली, आणि ९३ अंशांपासून पुढे ती थांबलीच.

त्याच वर्षी मार्टिन काम्पमन आणि डॅनिएला स्टॉक यांनी दाखवलं, की हे विकर डीएनएवरच्या जखमेच्या जागा हेरून तिथे चिकटतं आणि उष्णतेने होणारी तुटफूट मंदावतं. त्यासाठी एटीपी लागत नाही, म्हणजे पीळ भरण्याचीही गरज नाही. ज्या कामावरून नाव पडलं, ते कदाचित याचं दुय्यम काम असेल.