'इन्कॉम्प्रिहेन्सिबल' तोडायचा कुठे?

'इन्कॉम्प्रिहेन्सिबल', म्हणजे अनाकलनीय. इंग्रजीत हे विशेषण लिहायला 16 अक्षरे लागतात. ओळीच्या शेवटी जागा संपली, की प्रश्न येतो: हा शब्द तोडायचा कुठे?

अर्थाने पाहिले तर पोटात लॅटिन धातू आहे, पकडणे या अर्थाचा. त्याला 'कॉम' लागून 'कॉम्प्रिहेन्ड' झाले, म्हणजे आकलन होणे. मग मागे 'इबल' आले आणि त्यानंतर पुढे नकाराचा 'इन'. क्रम असाच का? कारण हा 'इन' विशेषणाला चिकटतो, क्रियापदाला नाही. 'कॉम्प्रिहेन्ड'मधल्या 'ड'चा इथे 'स' झालेला दिसतो, ती लॅटिनचीच करणी.

जिभेला या वंशावळीशी देणेघेणे नाही. ती सहा तुकडे पाडते: इन्-कॉम्-प्रि-हेन्-सि-बल. तिचा हिशेब साधा आहे. ज्या जोडणीने इंग्रजी शब्द सुरू होऊ शकतो, ती पुढच्या तुकड्यात जाते. 'प्र'ने 'प्राइस' सुरू होतो, म्हणून 'प्र' एकत्र राहिला. 'न्स'ने काहीच सुरू होत नाही, म्हणून न् मागे राहिला आणि स पुढे गेला. अर्थाचा सांधा या 'स'नंतर आहे, उच्चाराचा त्याच्या आधी.

आपल्या छंदशास्त्राला ही जाण जुनीच आहे. 'सत्य'मधला 'स' गुरू मोजतात, कारण जोडाक्षरातला त् मागे येऊन त्याला बंद करतो. 'तुझ्या'मध्ये तसा आघात पडत नाही, म्हणून 'तु' लघूच राहतो. कान आधी, लिपी नंतर!

शेवटचा 'बल' तर फारच गमतीचा. सहज बोलण्यात त्यात स्वर उरतच नाही. ल् स्वतःच स्वराचे काम करतो. वर्णमालेतला 'ऌ' शाळेत निरुपयोगी वाटायचा ना? 'कॢप्ती'पुरता उरलेला तो स्वर इंग्रजीत रोज हजारो तोंडांत असतो.

संगणकाला हे सारे शिकवायचे तर? स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड क्नूथ यांचे विद्यार्थी फ्रँकलिन लिआंग यांनी 1983च्या प्रबंधात व्याकरण बाजूलाच ठेवले. शब्दकोशातून त्यांनी अक्षरांचे छोटे छोटे नमुने काढले आणि अक्षरांच्या मधल्या जागांना आकडे दिले: विषम आकडा म्हणजे तोडा, सम म्हणजे तोडू नका. एकाच जागी दोन नमुने भांडले, तर मोठा आकडा जिंकतो. क्नूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीत इंग्रजीसाठी असे 4447 नमुने होते, आणि त्यांत न बसणारे अवघे 14 शब्द वेगळे नोंदवले होते.

त्या चौदांत 'प्रेझेंट' आहे. भेटवस्तू असेल तर तो एका जागी तुटतो आणि सादर करणे असेल तर दुसऱ्या. दोन्हींचे स्पेलिंग एकच, त्यामुळे नुसती अक्षरे पाहणाऱ्या यंत्राला फरक कळणार कसा? 'टेक' तो शब्द तोडतच नाही.