शरदातील सफरचंद : गोड आणि तिखट पाककृतींचा विचार

जुलैअखेरीपासून हिमाचल प्रदेशातील सफरचंदे बाजारात येऊ लागतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांत काश्मीरच्या मालाची भर पडते. हे फळ ताजे मिळण्याचा काळ म्हणजे नेमका आपला शरद ऋतू, पित्तप्रकोपाचा काळ. चिकित्सालयात रुग्ण विचारतो, "वैद्यराज, सफरचंद चालेल ना?" त्याला नुसते "चालेल" म्हणणे पुरेसे नाही. कोणते घ्यावे, कसे शिजवावे आणि कशाबरोबर खाऊ नये, हेही सांगावयास हवे.

भावप्रकाशाच्या आम्रादिफलवर्गात 'सेव' या नावाने मुठीएवढ्या बोराचा उल्लेख आहे, तो सफरचंदाचा मानला जातो. ते रसात व विपाकात मधुर, शीत, गुरु, बृंहण, वातपित्तघ्न आणि कफकर सांगितले आहे. माधुर्य व शैत्य शरदास अनुकूल आहेत, अडचण आहे ती गुरुत्वाची. पावसाळ्यात मंदावलेला अग्नी अजून पुरता सावरलेला नसतो. चरकाचार्यांनी या ऋतूत लघु अन्न सांगितले आहे, तर वाग्भटांनी आकंठ भोजन वर्ज्य मानले आहे. म्हणून ज्याचा अग्नी दुर्बल, त्याला कच्च्या फळाऐवजी अग्निसंस्कार केलेले फळ द्यावे.

सर्वांत सोपी कृती वाफवण्याची. फळाची साल व बिया काढून फोडी कराव्यात, दोन लवंगा व अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवून मऊ शिजवाव्यात, वरून चमचाभर तूप घालावे. लवंग चवीला तिखट असली तरी भावप्रकाशात तिला शीत म्हटले आहे, तेव्हा पित्तप्रकृतीच्या रुग्णाने बिचकू नये. मुलांसाठी शिरा करता येतो. चार मध्यम फळे किसून दोन चमचे तुपात मंद आचेवर पाणी आटेपर्यंत परतावीत, मग चार चमचे खडीसाखर व वेलदोड्याची पूड घालावी. खवा घालून त्याची मिठाई करू नये; गुरुत्वात आणखी गुरुत्व कशाला!

सफरचंदाची तिखट भाजी आपल्याकडे अपरिचित, परंतु काश्मिरी पंडितांच्या घरी 'चूंठ-वांगन' आवडीने होते. 'चूंठ' म्हणजे सफरचंद. आंबटसर फळाच्या सालीसकट फोडी व वांग्याच्या लांब फोडी मोहरीच्या तेलात वेगवेगळ्या तळतात. नंतर हिंग, हळद, काश्मिरी मिरची, बडीशेप व सुंठ यांच्या रश्शात त्या मंद आचेवर मुरवतात. कांदा-लसूण नाही. तेथे या काळात हवेत गारवा आलेला असतो, त्यामुळे तीक्ष्ण तेल व सुंठ शोभून दिसतात. आपल्याकडे ऑक्टोबरचे ऊन तापत असताना हीच भाजी जशीच्या तशी करणे म्हणजे देशविचार सोडणे होय. तेलाऐवजी तूप घ्यावे, फोडी तळण्याऐवजी परताव्यात, मिरची व सुंठ नाममात्र ठेवून बडीशेप व धने वाढवावेत. फळ गोड जातीचे असावे. वांगी कोवळीच घ्यावीत, कारण जून वांगे पित्तकर आहे. इतके केले की ही भाजी मुगाच्या वरणाबरोबर व साठेसाळीच्या भाताबरोबर उत्तम लागते.

दुधाचा मुद्दा मात्र ठामपणे सांगितला पाहिजे. कोजागरीच्या रात्री आटीव दुधातच फळांच्या फोडी घालून फ्रूट सॅलड करणारी घरे आता कमी नाहीत, आणि सफरचंदाचा मिल्कशेक तर बारमाही झाला आहे. चरकसंहितेत अम्ल द्रव्ये दुधाशी विरुद्ध सांगितली आहेत. बाजारातील फळ पूर्ण गोड निघेलच असे नाही. त्वचाविकाराच्या रुग्णास तरी हे मिश्रण स्पष्ट शब्दांत वर्ज्य सांगावे. आंबट दह्यातील कोशिंबीरही त्याच पंक्तीत बसवावी, कारण शरदात दही निषिद्धच आहे.

औषधालयांच्या फळीवर सफरचंदाचा मुरब्बा असतो. तो टिकतो साखरेच्या घट्ट पाकामुळे, म्हणून मधुमेही ग्राहकाने 'शक्तीसाठी' मागितल्यास बरणी पुढे करण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारावेत. वाफवलेले फळही त्याला मोजूनच द्यावे, जेवणानंतर नव्हे, तर सकाळच्या न्याहारीच्या जागी.